मृदा धूप अहवालाची सेवा : नागपूर जिल्ह्यापुरता एक अभिप्राय

नागपूर जिल्ह्यातील गावांत पाणलोटाची कामे करणाऱ्या आमच्या संस्थेने गेल्या वर्षी शहरातील एका खासगी सल्लागार कंपनीकडून संपूर्ण जिल्ह्याचा मृदा धूप अहवाल, म्हणजे पावसाने कुठून किती माती वाहून जाते याचा अंदाज, करून घेतला. बांधबंदिस्ती आणि समपातळी चरांसाठी उपलब्ध असलेला निधी मर्यादित होता आणि तो कोणत्या गावांत आधी लावावा, हे शास्त्रीय आधारावर ठरवायचे होते. आता अशा अहवालांना मागणी वाढली आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या, स्वयंसेवी संस्था आणि काही ग्रामपंचायतीही ते विकत घेत आहेत, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या उणिवांपैकी बहुतेक या कंपनीपुरत्या नसून मोठ्या प्रदेशाची धूप संगणकावर काढून देणाऱ्या कोणत्याही सेवेत आढळतील.

आम्हाला मिळालेल्या गोष्टी अशा : छापील अहवाल, तालुकावार नकाशे, प्रत्येक सूक्ष्म पाणलोटाचा हेक्टरी वार्षिक धूप दर आणि गणितात वापरलेले सर्व नकाशाथर संगणकीय स्वरूपात. हे थर सुटे मिळाले, ही या सेवेची सर्वांत चांगली बाजू आहे. अनेक ठिकाणी फक्त रंगीत नकाशाची पीडीएफ हाती येते आणि त्यातला लाल रंग कशामुळे आला, हे शोधण्याचा मार्गच उरत नाही. इथे पाऊस, माती, उतार, पीक आणि बंदिस्ती या प्रत्येकाचा वेगळा थर दिलेला होता, त्यामुळेच पुढची तपासणी शक्य झाली. जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,८९२ चौरस किलोमीटर आहे. ते ३० मीटर बाजूच्या चौकोनांत विभागले की सुमारे एक कोटी दहा लाख चौकोन होतात आणि अहवालात त्यांतल्या प्रत्येकाला स्वतःचा धूप दर दिलेला आहे, तोही दशांशचिन्हापुढे दोन अंकांपर्यंत. माझा मुख्य आक्षेप या दोन अंकांवर आहे.

हे दर ज्या समीकरणातून आले, त्याला सार्वत्रिक मृदा ऱ्हास समीकरण म्हणतात. अमेरिकेतील विशमायर आणि स्मिथ यांनी दहा हजारांहून अधिक प्लॉट-वर्षांच्या (एका मोजणी-तुकड्याची एका वर्षाची नोंद म्हणजे एक प्लॉट-वर्ष) मोजण्यांवरून ते बसवले. त्याची पहिली पुस्तिका १९६५ साली आणि सुधारित पुस्तिका १९७८ साली निघाली. मोजणीचा प्रमाण प्लॉट २२.१३ मीटर लांबीचा आणि ९ टक्के उताराचा होता. या समीकरणात पाच घटकांचा गुणाकार आहे : पावसाची धूपक्षमता, मातीची धूपप्रवणता, उताराची लांबी व तीव्रता, पिकाचे आच्छादन आणि संधारणाचे उपाय. एखाद्या शेतावर कोणती मशागत करावी हे ठरवायला ते बनले होते आणि त्या कामाला ते आजही उत्तम आहे. तेच समीकरण जिल्ह्यावर किंवा राज्यावर पसरले की पाचही घटक मोजलेले राहत नाहीत, ते दुसऱ्या कशावरून तरी अंदाजलेले असतात.

गुणाकारात चुका कशा वाढतात, हे ग्राहकाने स्वतः एकदा करून पाहावे. पाचही घटक २० टक्क्यांनी जास्त धरले गेले तर उत्तर जवळजवळ अडीच पट होते, आणि पाचही २० टक्क्यांनी कमी धरले गेले तर ते एक तृतीयांशावर येते. चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या, काही वर काही खाली अशा असल्या तरी उत्तरात सुमारे ४५ टक्क्यांची अनिश्चितता राहते. वीस टक्के ही उदार कल्पना आहे, प्रत्यक्षात एकेक घटक याहून कितीतरी जास्त चुकू शकतो. अहवालात मात्र कुठेही ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे लिहिलेले नाही.

पावसापासून सुरुवात करतो. धूपक्षमता काढण्यासाठी प्रत्येक पावसाची ऊर्जा आणि त्यातील सर्वाधिक जोराच्या ३० मिनिटांची तीव्रता लागते. आपल्याकडे बहुतेक जुन्या नोंदी दिवसाच्या एकूण पावसाच्या आहेत, म्हणून भारतीय संशोधकांनी वार्षिक पावसावरून धूपक्षमता काढण्याचे सोपे सूत्र दिले : ७९ अधिक ०.३६३ गुणिले वार्षिक पाऊस मिलिमीटरमध्ये. नागपूरसाठी ११०० मिलिमीटर पाऊस धरला तर उत्तर सुमारे ४७८ येते. आमच्या अहवालात हेच सूत्र आहे. अडचण अशी की ११०० मिलिमीटर पाऊस चार महिने रिपरिप पडला काय किंवा मोजक्या ढगफुटीसारख्या सरींत पडला काय, सूत्राला फरक कळत नाही, मातीला मात्र तो कळतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. वर्षभरातील धुपीचा मोठा वाटा अशा थोड्याच पावसांत होऊन जातो आणि वार्षिक बेरजेत तो दिसेनासा होतो. शिवाय हे सूत्र जुन्या मेट्रिक एककांतले आहे. आंतरराष्ट्रीय एककांत जाताना त्याला ९.८१ ने गुणावे लागते आणि मातीचा घटकही त्याच एककांत असावा लागतो. आमच्या अहवालात एकके जुळलेली होती, याचे श्रेय कंपनीला द्यायला हवे, कारण इथे घोळ झाला तर उत्तर सरळ दहा पटींनी चुकते.

पिकाच्या घटकाने मला सर्वांत अस्वस्थ केले. मोठ्या क्षेत्रावर हा घटक उपग्रहाच्या चित्रातील हिरवेपणाच्या निर्देशांकावरून, म्हणजे एनडीव्हीआयवरून काढला जातो आणि त्यासाठी युरोपात बसवलेले एक घातांकी सूत्र सर्रास वापरतात. या सूत्रात निर्देशांक ०.२ घातला तर पिकाचा घटक ०.६१ येतो आणि ०.६ घातला तर ०.०५. म्हणजे एकाच वावराचा धूप दर चित्र कोणत्या महिन्याचे आहे यावरून बारा पटींनी बदलतो. कंपनीने वापरलेले चित्र ऑक्टोबरअखेरचे होते. त्यात कंपनीची हयगय आहे असे म्हणता येणार नाही, कारण जून ते सप्टेंबर या काळात विदर्भावर ढग असतात आणि सेंटिनेल-२ सारखा दर पाच दिवसांनी येणारा उपग्रहही खालची जमीन पाहू शकत नाही. पण धूप होते ती नेमकी ढगांखाली. वखरणी होऊन जमीन मोकळी पडलेली असते, पऱ्हाटी (कपाशी) टोबली जात असते किंवा जेमतेम दोन पानांवर असते आणि मृगाचा नाहीतर आर्द्राचा जोराचा पाऊस थेट उघड्या मातीवर आदळतो. सोयाबीन जुलैच्या उत्तरार्धात जमीन झाकू लागते. कपाशीच्या ओळी दूरदूर असतात आणि त्यांत डवरणी चालू असते, म्हणून तिथे माती बराच काळ उघडी राहते. ऑक्टोबरअखेर हे चित्र उलटलेले असते : सोयाबीन निघून वावर रिकामे दिसते आणि कपाशी हिरवीगार. परिणामी अहवालाने कपाशीच्या उतारांना सुरक्षित आणि सोयाबीनच्या सपाट जमिनींना धोक्याचे ठरवले.

काटोल तालुक्यातील एका शिवारात आम्ही हे प्रत्यक्ष पडताळले. नकाशावर हिरव्या रंगात असलेल्या एका कपाशीच्या वावरात उताराच्या दिशेने पेरलेल्या ओळींमधून ओघळी पडलेल्या होत्या. त्यांतली एक टेपने मोजली तर रुंदी साधारण १० सेंटिमीटर, खोली ५ सेंटिमीटर आणि लांबी ५० मीटर भरली. म्हणजे पाव घनमीटर माती, वजनाने सुमारे सव्वातीनशे किलो. हेक्टरात अशा वीस ओघळी असल्या तर साडेसहा टन माती नुसत्या ओघळींतून गेली, आणि पृष्ठभागावरून थराथराने गेलेली माती या हिशेबात धरलेलीच नाही. वरच्या अंगाला झाडांच्या मुळांचा गळा उघडा पडला होता, मातीवर बारीक खडे वर आले होते आणि खालच्या धुऱ्याला (वावराच्या बांधाला) मऊ गाळाचा ढीग साचला होता. वावराचे मालक, सत्तरीचे गृहस्थ, नकाशा पाहून म्हणाले, “भाऊ, माह्या वावराले हिरवा रंग देल्ला तुम्ही, पण हा धुरा तं मी दरसाल खालची माती वर टाकून बांधतो.” त्यांचे हे दरसालचे श्रम अहवालातल्या कोणत्याही थरात नाहीत.

उताराच्या थराबद्दल थोडक्यात सांगतो. उंचीची माहिती फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून घेतलेल्या रडार मोजणीची आहे, जिचे विनिर्देश १६ मीटरपर्यंतची उभी चूक मान्य करतात. शेजारच्या चौकोनांतील फरकात ही चूक बरीच कमी होते, तरी ती मीटरांतच राहते. काळ्या मातीच्या वावराचा उतार एक टक्का असेल तर ३० मीटरांत पातळी फक्त ३० सेंटिमीटर उतरते. म्हणजे ज्या सखल, भारी जमिनींवर जिल्ह्यातील बरीचशी शेती आहे, तिथे उताराचा थर प्रत्यक्ष उतारापेक्षा मोजणीतला गोंधळच जास्त दाखवतो. पेंच-रामटेककडील डोंगराळ भागात हाच थर पुष्कळ चांगला आहे. तिथे अडचण वेगळी आहे : दाट पाचोळ्याने झाकलेल्या सागवनाचे काही तीव्र उतार केवळ उताराच्या बळावर लाल झाले होते.

मातीच्या माहितीबाबत नागपूर भाग्यवान आहे, कारण राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालयच अमरावती रोडवर आहे आणि १९७६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने देशभराचे मृदा नकाशे १ : २,५०,००० या प्रमाणावर तयार केले आहेत. हे काम मोठे आहे आणि राज्याच्या नियोजनाला तेच पायाभूत ठरते. पण त्या प्रमाणावर नकाशातील एक चौरस सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ६२५ हेक्टर. आपल्याकडे टेकडीवरची बरड, मधली मुरमाड हलकी जमीन आणि नाल्याकाठची भारी काळी जमीन ही एकाच गावाच्या शिवारात, कधी अर्ध्या किलोमीटरच्या आत बदलते. कंपनीने हा नकाशा ३० मीटरच्या चौकोनांत कापून वापरला, तेव्हा चौकोन बारीक झाले तरी माहिती जाडच राहिली. काळ्या मातीची आणखी एक गोष्ट आहे. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिले पाऊस त्या भेगांत मुरतात. माती फुगून भेगा मिटल्यानंतर तेच पाणी वरून वाहू लागते. वर्षभरासाठी धूपप्रवणतेचा एकच आकडा धरला की हा बदल हिशेबात येत नाही.

संधारणाच्या उपायांचा घटक अहवालात सर्वत्र १ धरला आहे, म्हणजे कुठेही काहीही केलेले नाही असे मानले आहे. ही मोठ्या प्रदेशाच्या अंदाजांतील नेहमीची पळवाट आहे, कारण बांध, ढाळीचे बांध, समपातळी चर, रुंद वरंबा सरी यांतले फारच थोडे उपग्रहाच्या चित्रात ओळखू येते. नागपूर जिल्ह्यात मात्र ही पळवाट महाग पडते. जिल्ह्याच्या पश्चिमेला दख्खनच्या बेसाल्टची पूर्व कड संपते, तिथे कपाशी, सोयाबीन, तूर आणि संत्र्याच्या बागा आहेत. पूर्वेकडे मौदा-रामटेक भागात धानाच्या बांध्या आहेत, ज्यांत पाणी अडवून धरणे हाच शेतीचा मुख्य खटाटोप असतो. चारी बाजूंनी बांध असलेल्या बांधीतून माती सहजी निघून जात नाही. दोन्हीकडे घटक १ धरल्यामुळे पूर्वेची कितीतरी गावे पश्चिमेच्या उतारावरील गावांच्या बरोबरीला आली.

चुकीचा अंदाज सर्वत्र सारख्याच प्रमाणात चुकीचा असेल तर गावांचा क्रम बिघडत नाही. पावसाचे सूत्र साऱ्या जिल्ह्यासाठी तीस टक्के कमी उत्तर देत असेल तर प्रत्येक गावाचा दर चुकेल, पण सर्वांत जास्त धूप कुठे हे उत्तर तेच राहील. पिकाचा आणि बंदिस्तीचा घटक मात्र गावागणिक वेगळा चुकतो, आणि त्यामुळे क्रमच उलटतो. म्हणून अहवाल घेणाऱ्याने दरापेक्षा क्रमाची चौकशी करावी आणि क्रम बिघडवू शकणारे दोन घटक कसे काढले, हे पहिल्याच बैठकीत विचारावे. आम्ही पश्चिमेची आणि पूर्वेची गावे वेगळी करून प्रत्येक भागात स्वतंत्र क्रम लावला, तेव्हा पश्चिमेचा क्रम क्षेत्रभेटीशी बऱ्यापैकी जुळला. पूर्वेचा आम्ही वापरलाच नाही.

पडताळणीच्या प्रकरणात कंपनीने जिल्ह्याच्या सरासरीची तुलना देशाच्या हेक्टरी १६.३५ टन या दराशी केली आहे. हा दर ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये दिला. त्यांच्या अंदाजानुसार देशात दरवर्षी ५३३.४ कोटी टन माती जागची हलते, त्यातील सुमारे २९ टक्के कायमची समुद्रात जाते, १० टक्के जलाशयांत बसते आणि उरलेली ६१ टक्के एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते. देशाच्या पातळीवर विचार करायला हा अंदाज मोलाचा ठरला. पण एका जिल्ह्याचा आकडा त्याच्या जवळपास आला म्हणून तो बरोबर ठरत नाही. १६.३५ टन म्हणजे मातीचा साधारण सव्वा मिलिमीटरचा थर. तो डोळ्यांना दिसत नाही, तलाठ्याच्या पंचनाम्यात येत नाही, आणि खरडून गेलेल्या जमिनीची मदत मिळते ती केवळ एका पुरात सारी माती गेल्यावर. इतका पातळ बदल एक कोटी चौकोनांवर तपासायचा तर मोजणीचे प्लॉट हवेत. ते बांधणे व वर्षानुवर्षे चालवणे खर्चिक असते, म्हणून देशात ते मोजकेच आहेत. हैदराबादजवळ पाटनचेरू येथे इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने १९७६ पासून काळ्या मातीच्या पाणलोटांवर दीर्घकाळ मोजणी केली. तिथे पारंपरिक मशागतीत हेक्टरी सहा टनांहून अधिक माती गेली, तर सुधारित रुंद वरंबा पद्धतीत दोन टनांहून कमी. माती आणि मोसमी पाऊस आपल्या जवळचा असल्यामुळे आम्हाला ही तुलना देशाच्या सरासरीपेक्षा अधिक उपयोगी वाटली, आणि कंपनीने ती द्यायला हवी होती.

दुसरी पडताळणी तलावातील गाळावरून होऊ शकते. अहवालात एका लघुप्रकल्पाच्या गाळाचा उल्लेख करून ‘अंदाज पडताळला’ असे लिहिले आहे. इथे दोन गोष्टी निसटल्या. या समीकरणात पृष्ठभागाची आणि ओघळींची धूप येते, घळी व नाल्याचे काठ कोसळून येणारी माती येत नाही. उलट तलावात मात्र या सगळ्या प्रकारांची माती येते, आणि तरीही वरून निघालेली बरीच माती वाटेत धुऱ्यांना, पांदणीत व नाल्याच्या वळणांवर अडकून राहते. दुसरी गोष्ट अशी की २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेखाली शेतकरी उन्हाळ्यात तलावांतून गाळ काढून वावरात टाकत आहेत. काढलेल्या गाळाचे घनमीटर तलावनिहाय जोडून घेतल्याशिवाय तलावाची आजची खोली धुपीबद्दल काहीच सिद्ध करत नाही. ज्या शिवारातून माती गेली त्याच शिवारात ती ट्रॅक्टरने परत येत असेल, तर हेक्टरी नक्त ऱ्हास किती, हा प्रश्न या अहवालाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

सेवेच्या वागणुकीबद्दल तक्रार नाही. काम ठरलेल्या मुदतीत मिळाले, मराठीतून सादरीकरण झाले आणि आमचे आक्षेप कंपनीच्या तंत्रज्ञांनी वहीत लिहून घेतले. जून-जुलैच्या ढगांतून पाहू शकणाऱ्या सेंटिनेल-१ च्या रडार चित्रांवरून उघड्या जमिनीचा थर पुन्हा करून द्यावा, ही विनंती त्यांनी वाढीव शुल्काशिवाय मान्य केली. त्यानंतर काटोल आणि नरखेडच्या उतारावरची कपाशीची गावे क्रमात वर आली. आमच्या क्षेत्रभेटींतही तीच दिसत होती. क्षेत्र तपासणीचे ठिकाण मात्र त्यांनी डांबरी रस्त्यालगतच निवडले होते. टेकडीच्या माथ्यापासून नाल्यापर्यंत उताराने चालत गेल्याशिवाय माती कुठे सुटते आणि कुठे बसते हे कळत नाही, आणि त्या पायपिटीचा खर्च त्यांच्या दरपत्रकात धरलेला नव्हता.

जिल्ह्यातील सर्व सूक्ष्म पाणलोटांतून पहिले वीस-पंचवीस निवडायचे असतील तर ही सेवा घेण्यासारखी आहे, आणि त्यासाठी दिलेले पैसे आमचे वाया गेले नाहीत. एखाद्या योजनेने किती टन माती वाचवली हे निधी देणाऱ्याला दाखवण्यासाठी हा अहवाल घेऊ नये. तसे दाखवायचे असेल तर निवडलेल्या दोन-चार पाणलोटांच्या तोंडाशी पाणी व गाळ मोजण्याची व्यवस्था लावणे हाच मार्ग आहे आणि त्याला काही पावसाळे द्यावे लागतात.

पुढच्या टप्प्याच्या करारात आम्ही कंपनीकडे पाच गोष्टी लेखी मागितल्या आहेत. प्रत्येक पाणलोटाचा दर एका आकड्याऐवजी पट्ट्यात द्यावा. पिकाचा घटक जून ते सप्टेंबर महिन्यागणिक काढावा आणि त्या त्या महिन्याच्या पावसाशी गुणावा. धानाच्या बांध्या आणि पूर्वी झालेली बांधबंदिस्ती कृषी विभागाच्या व ग्रामपंचायतीच्या नोंदींवरून थरात भरावी. क्षेत्र तपासणी गावातील दोन शेतकऱ्यांना सोबत घेऊन माथ्यापासून नाल्यापर्यंत व्हावी. आणि पावसाची तीव्रता वार्षिक सूत्राऐवजी महसूल मंडळांत बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या नोंदींवरून काढावी. पहिल्या चार मागण्या त्यांनी मान्य केल्या आहेत. पाचवीसाठी केंद्रांच्या बारीक अंतराच्या नोंदी मिळवून देण्याची जबाबदारी आमच्यावर आहे आणि त्यासाठीचा अर्ज आम्ही केला आहे.